माळ किती लांब असावी?

दागिना विकत घेताना आपण काय काय पाहतो? त्या दिवसाचा भाव विचारतो, काट्यावर डोळे लावून वजन पाहतो, घडणावळीत चार पैसे कमी होतात का याची खटपट करतो, आणि नक्षी तर दहा वेळा न्याहाळतो. लांबीचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. सराफाने पेटीतून काढून गळ्याशी धरलेली माळ त्या वेळी अंगावर असलेल्या साडीवर खुलली, की ती घरी येते आणि पुढे वर्षानुवर्षे कपाटात पडून राहते. एका ब्लाउजवर ती गळ्याच्या कडेशी अडकते, एका साडीवर पदराखाली नाहीशी होते, तर एखाद्या दिवशी मंगळसूत्राशीच तिचा गुंता होतो. दोष सोन्याचा नसतो, घडणीचाही नसतो. तो दोन-चार इंचांचा असतो.

या दोन-चार इंचांना मी क्षुल्लक मानीत नाही. गळ्यातले लेणे किती लांब असावे हा प्रश्न वरवर पाहता नटण्यामुरडण्याचा आहे. पण त्याच्यामागे बाईचे वस्त्र असते, तिचे काम असते, तिचे वय असते, आणि तिने काय घालावे हे परस्पर ठरवणारे चार लोकही कधी कधी असतात. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

आपल्या आज्या-पणज्यांना हा प्रश्न इंचांत सोडवावा लागत नसे. दागिन्याचे नाव घेतले की त्याची जागा कळे. चिंचपेटी, ठुशी आणि वज्रटीक ही कंठाला बिलगून बसणारी लेणी. त्यांच्या खाली कोल्हापुरी साज, बोरमाळ, पुतळ्यांची माळ. आणि सगळ्यांच्या खाली मोकळ्या सुटणाऱ्या मोहनमाळ, चपलाहार, चंद्रहार. डोक्यावरून घेतलेला नऊवारी लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवर येई आणि चोळीचा गळा त्याखाली झाकला जाई. मग उघडा राहणारा कंठ ठुशीने भरायचा आणि पदरावर मोहनमाळ सोडायची, असा सरळ हिशेब होता. वस्त्र एक, नेसण एक, म्हणून लांब्याही ठरलेल्या. आता एकच बाई एका आठवड्यात सहावारी साडी नेसते, सलवार-कमीज घालते, बंद गळ्याचा कुडता घालते आणि लग्नकार्यात नऊवारीही नेसते. दागिन्यांची नावे तीच राहिली, पण नुसत्या नावावरून जागा कळण्याचे दिवस मागे पडले.

मला या गोष्टीकडे पाहायला शिकवले ते माझ्या सासरच्या गावाने. माझे माहेर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातले. चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध असलेली हुपरी तेथून जवळच. त्यामुळे दागिन्यांची बोलणी लहानपणापासून कानांवर होती. १९७९ मध्ये लग्न होऊन मी भिलाईला, सेक्टर २ मधल्या क्वार्टरमध्ये आले. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. १ नोव्हेंबर २००० पासून ती छत्तीसगड राज्यात आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी येथील पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. माझे मामंजी त्याच्या पुढच्या वर्षी नागपूरहून येथे नोकरीला आले. कारखान्याने देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे बोलावली आणि सरळ आखलेल्या रस्त्यांवर त्यांना शेजारी शेजारी नांदायला लावले. आमच्या एका बाजूला आंध्रातले बिऱ्हाड, दुसऱ्या बाजूला बंगाली, समोर केरळातले, आणि मागच्या ओळीत पंजाबी व छत्तीसगडी.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाई या सगळ्या जणींना बोलावीत. पहिल्याच वर्षी मला दिसले, की सोने सगळ्यांकडे थोडेफार आहे; वेगळी आहे ती त्याची जागा. समोरच्या केरळी बाई पांढऱ्या, सोनेरी काठाच्या साडीवर नाण्यांची लांब कासुमाला घालून आल्या होत्या. आमच्या सेक्टरमधल्या अय्यप्पाच्या मंदिरात जातानाही त्यांचा थाट तोच असे. साडी अगदी साधी, म्हणून माळ लांब; त्या कोऱ्या शुभ्र पटावर एक एक नाणे वाचता येई. शेजारच्या आंध्रातल्या बाईंकडेही नाण्यांचीच माळ होती. तिला त्या कासुलपेरु म्हणत आणि भरजरी रेशमी साडीवर ती पदराच्या वरून घेत. बंगाली वहिनींकडे गळ्याशी घट्ट बसणारी चिक होती आणि लांब सोडलेला सीताहार होता. मध्ये काहीही नव्हते. त्या मोकळ्या जागेमुळेच दोन्ही दागिने दिसतात हे मला तेव्हा प्रथम उमगले.

नाण्यांची माळ तर आमच्याकडेही होतीच. व्यापारातून आलेल्या व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यावर उभ्या मानवाकृती असत. त्यांवरून मराठीत ते नाणे पुतळी झाले आणि त्यांची माळ ती पुतळ्यांची माळ. छत्तीसगडी बायकांच्या गळ्यातही नाण्यांसारख्या चकत्यांची माळ असते आणि तिचे नाव पुतरी. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने नागपूरकर भोसल्यांचा अंमल इकडे आला आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. एवढा काळ हे दोन्ही प्रदेश एकमेकांशी बांधलेले होते. तेव्हा पुतळी आणि पुतरी या सख्ख्या बहिणींसारख्या वाटल्या तर नवल नाही. मात्र कासुमाला लांब, कासुलपेरु लांब, पुतळ्यांची माळ मध्यम आणि पुतरी त्याहून आखूड. कल्पना एकच, पण प्रत्येक ठिकाणच्या वस्त्राने तिला आपापल्या मापाचे केले.

याहून मोलाचा धडा दिला तो डोक्यावर टोपली घेऊन दारी भाजी आणणाऱ्या छत्तीसगडी बायांनी. त्यांच्या गळ्यात चांदीचे सुता असे. सुता म्हणजे गळ्याभोवतीचे ताठ कडे. ते लोंबत नाही, हलत नाही. अंगावर आखूड नेसलेला लुगरा, डोक्यावर ओझे, दोन्ही हात वर. अशा बाईच्या गळ्यात लांब माळ असती तर ती प्रत्येक वाकण्यासरशी पुढे झोके घेत राहिली असती. सुता जागचे हलत नाही आणि अडीअडचणीला गहाण टाकण्याइतकी चांदीही त्यात असते. कारखाना उभा राहत असताना ज्या रेजा, म्हणजे मजूर बाया, विटा आणि माती वाहत होत्या, त्यांच्याही गळ्यात हेच लेणे असे, असे सासूबाई सांगत. दागिन्याची लांबी प्रथम कामाने ठरते आणि मग वस्त्राने, हे मी त्या बायांकडे पाहून शिकले.

आता थोडे मोजमापाकडे वळू. मध्यम बांध्याच्या बाईच्या गळ्याचा घेर सुमारे १३ ते १४ इंच असतो. १४ ते १६ इंचांची माळ कंठाशी बसते. १८ इंचांची माळ हांसळीच्या हाडापाशी येते. २० ते २४ इंचांची छातीच्या वरच्या भागावर विसावते, आणि २८ ते ३६ इंचांची त्याच्याही खाली उतरते. हे आकडे म्हणजे केवळ अंदाज. ठेंगण्या बाईला जी माळ लांब वाटेल, तीच उंच बाईला मध्यम वाटेल. मान भरलेली असेल तर दोन इंच वरच संपतील. म्हणून सराफाकडे जाण्यापूर्वी घरी एक साधा दोरा घ्यावा. ज्या वस्त्रावर माळ घालायची ते अंगावर घालून दोरा गळ्याभोवती धरावा, आरशात पाहून हवा तेथे सोडावा, आणि गाठ मारून तो मोजावा. माप उभे राहून घ्यावे तसेच बसूनही घ्यावे. उभ्याने शोभणारी माळ बसल्यावर मांडीकडे धावते. दहा पैशांच्या दोऱ्याने जे कळते ते हजारो रुपये मोजल्यावर कळून उपयोग नाही.

वस्त्राच्या गळ्याचा एक नियम मी नेहमी पाळते. माळ गळ्याच्या कडेच्या स्पष्ट वर असावी किंवा स्पष्ट खाली. नेमकी कडेवर कधीही असू नये. कडेवरची माळ अर्धी कापडावर आणि अर्धी कातडीवर राहते, शिवणीत अडकते, आणि पाहणाऱ्याला दोन रेघा एकमेकींवर गिरवल्यासारख्या दिसतात. दोन बोटांचे अंतर ठेवले की हे टळते. गोल आणि खोल गळ्याच्या ब्लाउजवर कंठाशी बसणारी ठुशी किंवा १६ इंचांची माळ चांगली. व्ही गळ्यावर माळेचे पदक गळ्याच्या टोकाच्या किंचित वर यावे. १८ इंच बहुतेकींना पुरतात. चौकोनी गळ्यावर साजासारखा पसरणारा दागिना भरून दिसतो. शिंपी ज्याला बोटनेक म्हणतात त्या पसरट गळ्यावर आणि बंद गळ्याच्या कुडत्यावर कंठाशी काहीच घालू नये; तेथे २४ इंचांच्या पुढची माळ कापडावर सोडावी. सलवार-कमीजवर ओढणी असेल तर लांब माळ तिच्यात गुंततेच, तेव्हा आखूड माळ बरी. ओढणी नसेल तर लांब माळेला पूर्ण मुभा आहे.

सहावारी साडीची गोष्ट निराळी. तिचा पदर छातीवरून तिरपा जातो आणि लांब माळेचा अर्धा भाग गिळून टाकतो. त्यामुळे एक तर माळ पदराच्या काठाच्या वर संपेल इतकी, म्हणजे १८ ते २० इंच असावी. नाही तर ती सरळ पदरावरून घ्यावी. पैठणीसारखी भरजरी साडी असेल तर मोठ्या लांब हाराचा मोह टाळावा. जरीवर सोने म्हणजे उन्हात लावलेला दिवा. तेथे गळ्याशी एक ठसठशीत लेणे पुरे. साध्या सुती साडीवर मात्र लांब माळ पुरेपूर शोभते. आमच्या छत्तीसगडचे कोसा रेशीम, ज्यासाठी चांपा प्रसिद्ध आहे, ते मुळातच मधासारख्या रंगाचे. त्यावर पिवळे सोने मिसळून जाते. कोशावर पोवळी, मोती किंवा काळे मणी खुलतात. सोनेच घालायचे तर ते लांब असावे, म्हणजे हालचालीबरोबर चमकून ते आपले अस्तित्व सांगते.

आणि मंगळसूत्राचा विचार सर्वांत आधी करावा, कारण ते बहुतेकींच्या गळ्यात रोज असते. त्याची लांबी ही आपली ठरलेली रेघ. बाकीचे दागिने तिच्यापासून किमान चार बोटे वर किंवा खाली असावेत. मंगळसूत्र आणि माळ सारख्याच लांबीची असली की दोघींची दिवसभर झोंबाझोंबी चालते, वाट्या उलट्या होतात आणि नाजूक तार तुटते. तीन पदरी थाट हवाच असेल तर कंठ, छातीचा वरचा भाग आणि त्याखालची मोकळी जागा अशा तीन पायऱ्या कराव्यात आणि एका पायरीवर एकच दागिना ठेवावा. आपली जुनी ठुशी, साज आणि मोहनमाळ ही त्रयी याच हिशेबावर उभी आहे.

माझी थोरली मुलगी कारखान्यात इंजिनिअर आहे. फिरत्या यंत्राजवळ लोंबणारे काहीही चालत नाही. ना ओढणी, ना माळ. तिच्या गळ्यात कामाच्या दिवशी काहीच नसते. सुट्टीच्या दिवशी ती १६ इंचांची बारीक साखळी घालते. धाकटी पुण्यात नोकरी करते. तिचेही लांब हाराशी जमत नाही. दोघींची लग्ने एकाच हिवाळ्यात, २०२२ च्या डिसेंबरात ठरली, आणि घरातल्या मोहनमाळेचा प्रश्न पुढे आला. त्या प्रश्नात नुसती लांबी नव्हती.

ती मोहनमाळ सासूबाईंची. १९५७ मध्ये त्यांच्या लग्नात नागपूरला घडवलेली. मण्यांची ओळ ३० इंचांची आणि मागे रेशमी दोरी, त्या दोरीला गोंडा. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. त्यानंतर लगेच लग्न झालेल्या मुलींच्या वाट्याला १४ कॅरेटचेच दागिने आले, आणि घरातली ही बावीस कॅरेटची माळ अधिकच कौतुकाची झाली. पुढे नियम सैल झाले, १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. पण माळेचा मान गेला नाही. सासूबाईंनी ती सणावारीच नव्हे, तर बिनसणाचीही घातली. १९९९ मध्ये मामंजी गेले, आणि त्यांनी गळ्यातले सगळे उतरवून ठेवले. कोणी तसे मोठ्याने सांगितले नव्हते. सांगावे लागतच नाही, अशी ती रीत. गळ्यात तुळशीची माळ तेवढी उरली. मोहनमाळ कपाटात गेली आणि तेवीस वर्षे तेथेच राहिली.

मुलींची लग्ने ठरल्यावर घरात साहजिकच विचार निघाला, की ३० इंचांच्या एका माळेच्या १५-१५ इंचांच्या दोन माळा कराव्यात, काही मणी वितळवून प्रत्येकीला एक पदक करावे, म्हणजे दोघी नातींना आजीचे सोने मिळेल आणि त्या ते वापरतीलही. हिशेब चोख होता. सासूबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “करा की. मला काय करायचंय आता तिचं!” सराफाकडे माळ दाखवली. त्याने सांगितले, की मणी पोकळ आहेत आणि आत लाख भरलेली आहे. वितळवलेल्या मण्यांचे वजन दिसते त्याहून बरेच कमी भरेल. तरीही काम द्यायचे असेच ठरले होते.

त्याच वर्षी मे महिन्यात माझ्या माहेरच्या शिरोळ तालुक्यातून एक बातमी आली होती. हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ठराव केला होता, की पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. माझ्या भावाने फोनवर ते सारे वाचून दाखवले होते आणि मी ते सासूबाईंना सांगितले होते. त्यांनी ऐकले, “चांगलं केलं,” एवढेच म्हणाल्या आणि शेंगा निवडायला लागल्या. मला वाटले, विषय तेथेच संपला.

माळ सराफाकडे द्यायची त्याच्या आदल्या संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, “एकदा माझ्या हातात दे बरं ती.” मी दिली. त्यांनी ती हातात घेतली, आणि मग सावकाश डोक्यावरून गळ्यात घातली. आरशाकडे त्या गेल्या नाहीत. खुर्चीवर बसून मान खाली घालून त्या माळेकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्याकडे ठुशी होती, चिंचपेटी होती. सगळे म्हणायचे, छान दिसते. असेल. मला कधी दिसली नाही ती. ठुशी आपल्याला दिसतच नाही. ही मात्र मला दिसायची. भाकरी थापताना दिसायची, कोळसा फोडताना दिसायची, पोरांना पाजताना दिसायची. आखूड केली तर चारचौघांना दिसेल. मला नाही दिसणार.”

इतकी वर्षे मी लांबीचा विचार केला होता. वस्त्राच्या बाजूने केला होता, कामाच्या बाजूने केला होता, पाहणाऱ्याच्या बाजूने तर केलाच होता. घालणारीच्या डोळ्यांच्या बाजूने तो कोणी करताना मी ऐकले नव्हते. पण गोष्ट अगदी खरी आहे. कंठाशी बसणारे लेणे जगासाठी असते. घालणारीला ते पाहायला आरसा लागतो. छातीखाली उतरणारी माळ मान किंचित खाली केली की दिसते, हाताला लागते, बोटांनी मणी मोजता येतात. त्यांनी तेवीस वर्षे दूर ठेवली होती ती जगाला दिसणारी शोभा नव्हती. ती त्यांची स्वतःची सोबत होती.

दुसऱ्या दिवशी माळ सराफाकडे गेली नाही. मुलींना सांगितले तेव्हा थोरली म्हणाली, “आजी, मग तूच घाल आमच्या लग्नात.” हे वाक्य बोलायला सोपे होते, ऐकायला नव्हते. नात्यातल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, की नातींच्या शुभकार्यात हे बरे दिसणार नाही. लोक नावे ठेवतील. मी त्यांना म्हटले, “नावं ठेवायची तर मला ठेवा. माळ त्यांची आहे.” त्या गप्प बसल्या, पण राजी झाल्या नाहीत, आणि मी त्यांना राजी करीत बसले नाही. सासूबाईंना मात्र यातले काही सांगण्याची गरजच पडली नाही. त्यांना ते ठाऊक होते. कोणी काय म्हणेल याचा हिशेब त्यांनी माझ्या कितीतरी आधी करून ठेवला होता.

एक अडचण उरली होती आणि ती खरोखरीच लांबीची होती. वयाने सासूबाईंची पाठ वाकली आहे. वाकलेल्या पाठीच्या माणसाच्या अंगावर लांब माळ छातीला टेकत नाही. ती पुढे लोंबकळते, जेवताना ताटात येते, उठताना खुर्चीच्या हातात अडकते. १९५७ मध्ये विशीतल्या मुलीला जे माप नेमके होते, ते आता त्यांना धोक्याचे होते. माळ आखूड करायला तर हवी होती आणि एकही मणी काढायचा नव्हता.

याचे उत्तर माळेच्या मागेच होते. जुने दागिने घडवणाऱ्यांनी लांबीचा प्रश्न सोन्यावर सोपवलाच नव्हता. तो त्यांनी दोरीवर सोपवला होता. सोनाराने मणी करायचे आणि पटवेकऱ्याने ते गाठवायचे, असे दोन वेगळे कसब. मागची रेशमी दोरी लांब ठेवली की माळ खाली उतरते, गाठ सरकवली की वर येते. मुलीला दिलेली माळ तिच्या थोराड सासूला आणि पुढे तिच्या किरकोळ बांध्याच्या सुनेला व्हावी, अशी सोय त्या दोन-तीन वीत रेशमात असे. आज आपण मागे साखळी आणि कडी लावून माप एकदाच कायमचे ठरवतो. ती मजबूत असते, यात शंका नाही. पण मग वस्त्र बदलले, शरीर बदलले की दागिना कपाटात जातो किंवा मोडीत जातो. मोडीत जाणाऱ्या दागिन्यात घट धरली जाते, नव्याची घडणावळ पुन्हा द्यावी लागते, आणि लाखेचे वजन हाती काहीच देत नाही. दोरी बदलायला त्या मानाने काहीच खर्च येत नाही. घरी पडून असलेली माळ मोडण्यापूर्वी तिची दोरी बदलून पाहावी, असे मी प्रत्येक भगिनीला आवर्जून सांगेन. नवी माळ साखळीची घेतलीत, तरी मागे दोन-तीन इंचांची जोडसाखळी लावून घ्यावी, म्हणजे तीच माळ साडीवर एक आणि कुडत्यावर दुसरी होते.

दुर्गच्या बाजारात दागिने गाठवून देणारा एक म्हातारा पटवा आम्हांला मिळाला. त्याने सासूबाईंना समोर बसवले, त्यांना वाकून पाण्याचा पेला उचलायला सांगितला, आणि तेवढ्यावरून माप घेतले. दोरी चार इंचांनी आखूड झाली. माळ आता त्यांच्या ताटात येत नाही, खुर्चीत अडकत नाही. पण मान खाली केली की दिसते. हे शेवटचे माप त्याने त्यांना विचारून दोनदा तपासून घेतले.

लग्नात त्यांनी फिकट कोशाची साडी नेसली आणि त्यावर ती माळ घातली. कोशावर सोने मिसळून जाते असे मी वर म्हटले आहे, आणि ते तसे मिसळूनही गेले. दूरच्या पाहुण्यांना कदाचित ती दिसलीही नसेल. सासूबाईंना त्याचे काहीच वाटले नाही. अक्षता पडेपर्यंत त्यांचा उजवा हात माळेवर होता.

आता त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली आहे आणि माळ रोज त्यांच्या गळ्यात असते. पुढे ती नातींकडे जाईल. कोणाकडे आधी, हे त्या दोघींनी आपसांत ठरवले आहे. एक वर्ष एकीने, एक वर्ष दुसरीने. त्या उंच आहेत, ताठ आहेत; त्यांना हे माप पुरणार नाही. पटव्याने ती चार इंच दोरी कापलेली नाही. गोंड्याच्या आत दुमडून ठेवली आहे.